तांब्या तसाच भरलेला

१

धनाजीराव मोहिते पहाटे न्हाणीघराच्या दारात सापडले तेव्हा त्यांचा सदरा पिळून काढावा इतका ओला होता, आणि ते कालव्याचं तीन नंबरचं गेट बंद करायला सांगत होते. पाटबंधारे खात्यातून त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे गेट कोणी बंद केलं नाही. मग त्यांची शुद्धच हरपली.

अलकापुरीतल्या रुग्णालयात डॉक्टर सौमित्र रणदिवे यांनी त्यांचं बोट टोचलं, आकडा पाहिला आणि खात्री करायला दुसरं बोट टोचलं. रक्तातली साखर अठ्ठावीस होती. शिरेतून ग्लुकोज गेलं तसे धनाजीराव उठून बसले आणि अजून चहा कसा झाला नाही, म्हणून विचारू लागले.

"रात्री जेवला होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्यवस्थित," धनाजीराव म्हणाले.

डॉक्टरांनी उन्मेषला, म्हणजे धनाजीरावांच्या मुलाला, बाहेर नेलं. "ह्यांना मधुमेह?"

"नाही. आईला आहे. ती इन्सुलिन घेते."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहिलं. "उन्मेषभाई, साखर एवढी खाली आपोआप जात नाही. घरात इन्सुलिन आहे आणि ज्याला ते नको त्याच्या अंगात ते गेलेलं दिसतंय. मी रक्त मुंबईला पाठवलंय. तिकडून काय येतं ते बघू. चतुर्थीपर्यंत थांबतो. मग मला पोलिसांना कळवावं लागेल."

उन्मेषने घरी येऊन फ्रिज उघडला. लोण्याच्या डब्यामागे इन्सुलिनच्या तीन बाटल्या असायला हव्या होत्या. दोन होत्या. आणि ह्या घरात इंजेक्शन टोचता येणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे त्याची बायको मनाली.

२

शेजारच्या बंगल्यात कुसुमावती प्रधान राहत. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं आणि एकाही रोग्याला कधी औषध दिलं नाही. त्यामुळे गल्लीत त्यांच्या शब्दाला फार मान होता. डॉक्टर सौमित्र त्यांचाच विद्यार्थी.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनाजीरावांच्या पत्नी वसुंधराबाई त्यांच्याकडे आल्या आणि चपला न काढताच म्हणाल्या, "कुसुमताई, मला सुई टोचायला शिकवा."

"मनाली टोचते की."

"आता नको."

कुसुमावतींनी खुर्ची पुढे केली. वसुंधराबाई बसल्या आणि मग सगळं बाहेर आलं. बाटली कमी आहे. उन्मेषने मनालीला विचारलं तर ती काही बोलत नाही, नुसती रडते. चतुर्थीनंतर तिने माहेरी, करजणला जाऊन राहावं असं ठरलंय. तिने बॅगही भरलीय.

"आणि धनाजीराव काय म्हणतात?"

"त्यांना कोण सांगणार? हृदयाचं माणूस. ठोके चुकतात म्हणून दोन महिन्यांपासून कॅप्सूल चालू आहे. सूनबाईवर संशय आहे म्हटलं तर उरलेले ठोकेही चुकायचे." वसुंधराबाईंनी पदराने डोळे पुसले. "पाप माझंच आहे. वीस वर्षं हे माझ्यासमोर बासुंदी खातात. वाटीला बोट लावून चाटतात. काल हे पडले ना, तेव्हा क्षणभर मनात आलं, घ्या आता. देवाशप्पथ, क्षणभरच."

"तेवढं कोणाच्याही मनात येतं."

"आणि ते माझ्यावर रुसलेलेही होते. आठवडाभर. मी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते, वर फुलपात्र. सकाळी बघावं तर तांब्या तसाच भरलेला. माझ्या हातचं पाणीसुद्धा नको झालं."

"रात्रीची कॅप्सूल?"

"ती घेतात. मला रात्री नीट दिसत नाही, म्हणून दुपारच्या चहाच्या वेळीच संध्याकाळची वाटीत आणि रात्रीची उशाशी बशीत काढून ठेवते. सकाळी बशी रिकामी असते."

"केवढी असते ही कॅप्सूल?"

"चांगली शेंगदाण्याएवढी."

"आणि ती पाण्याशिवाय गिळतात?"

वसुंधराबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोच फोन वाजला. रुग्णालयातून सौमित्र बोलत होता. धनाजीरावांची साखर पहाटे पुन्हा खाली गेली होती. आणि आदल्या संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन मनाली गेली होती.

३

"डब्यातून इन्सुलिन देता येत नाही," कुसुमावती मोहित्यांच्या स्वयंपाकघरात शिरता शिरता म्हणाल्या. "पोटात गेलं की ते वरणासारखं पचतं. हे सगळ्यांनी ऐकून ठेवा."

ऐकायला मनाली एकटीच होती. ती कणीक मळत होती आणि फार वेळ मळत होती.

कुसुमावती फ्रिजपाशी वाकल्या. फ्रिजखालचं पायपुसणं त्यांनी नाकाशी नेलं. हे दृश्य पाहून मनालीचे हात थांबले.

"कापूस आणि पट्ट्या ठेवतात त्या कपाटासारखा वास येतोय," कुसुमावती म्हणाल्या. "इन्सुलिनमध्ये ते टिकावं म्हणून एक द्रव्य घालतात, त्याचा हा वास. जात नाही लवकर. केव्हा फुटली बाटली?"

मनालीने परातीतच कपाळ टेकवायचं बाकी ठेवलं. "परवा. लोणी काढताना पडली. काचा कढीपत्त्याच्या कुंडीत पुरल्या."

"अगं, मग सांगायचं."

"कशी सांगू, कुसुमकाकी? त्याच सकाळी आईंच्या हातून काचेचा पेला फुटला होता, आणि मी बोलले होते, 'जरा बघून चाला ना.' त्याच दिवशी माझ्या हातून बाटली फुटली. म्हटलं, उद्या सांगेन. उद्याला आबा पडले. आता सांगितलं तर कोण खरं मानेल?"

"मी मानते. पायपुसणं खोटं कशाला बोलेल?"

मनाली हसली नाही. "पण मग आबांना झालं काय?"

ते कुसुमावतींनाही माहीत नव्हतं. त्या दिवाणखान्यात उन्मेषकडे गेल्या. उन्मेष रिफायनरीत पाळीवर असे. तो टीव्हीसमोर बसला होता, पण टीव्ही बंद होता. ह्या घरात ही मोठीच घटना होती.

"उन्मेष, त्या पहाटे तू घरी होतास?"

"पाळी संपवून नुकताच आडवा झालो होतो." त्याने मान खाली घातली. "काकी, मी ऐकलं होतं. आबा बोलत होते, 'गेट बंद करा, गेट बंद करा.' जीभ जड लागत होती. मला वाटलं, कोणीतरी बाटली आणून दिली."

"औषधाची?"

"नाही हो. दारूची. म्हटलं, आपल्या गुजरातेत बोभाटा नको, उठलो तर आई उठेल. म्हणून कूस बदलून झोपलो. अर्ध्या तासाने मनालीनेच त्यांना पाहिलं. तिने पाहिलं नसतं तर ते गेले असते. आणि मी तिलाच पोलिसासारखा विचारत बसलो."

कुसुमावतींना ह्या घराचं नवल वाटलं. जो तो गुन्हा कबूल करायला टपलेला होता, फक्त झालेला गुन्हा कोणाच्या हिशेबात बसत नव्हता.

"आज मी इथेच जेवते," त्या म्हणाल्या. "आणि धनाजीरावांच्या खुर्चीत बसते."

४

केबल आल्यापासून मोहित्यांच्या घरात ताटात काय वाढलंय ते कोणी पाहत नसे. आठला एक मालिका लागे, साडेआठला दुसरी, आणि दुसरीतली सासू पहिलीतल्या सासूपेक्षा वाईट असल्यामुळे जेवण तिच्यासाठी राखून ठेवलेलं असे. टेबलाभोवतीच्या साऱ्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून मांडलेल्या होत्या. धनाजीरावांची मात्र कोपऱ्यात, खिडकीला लागून.

वसुंधराबाईंनी कुसुमावतींच्या ताटात पोळी वाढली आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी स्वतःचं इंजेक्शन आज स्वतःच टोचलं होतं. मांडीवर दोन ठिकाणी रक्त आलं होतं, पण मनालीला त्यांनी हाक मारली नव्हती. मनालीने ते दाराशी उभं राहून पाहिलं होतं आणि ती अजून तिथेच होती.

टीव्हीतल्या सासूने कपाट उघडलं. कुसुमावतींना खिडकीबाहेर हालचाल जाणवली. त्यांनी वळून पाहिलं तर गजांच्या पलीकडे गल्लीतला पिवळा कुत्रा मागच्या पायांवर उभा होता आणि त्यांच्या ताटाकडे नव्हे, त्यांच्या हाताकडे बघत होता. पाहुण्याला आग्रह करताना यजमान बघतो तसा.

"हा कधीपासून येतो इथे?"

"कोण, हा?" उन्मेष म्हणाला. "आठवडा झाला असेल. मस्तावलाय नुसता. परवा दूधवाल्यावर भुंकलासुद्धा नाही."

कुसुमावतींनी पोळीचा तुकडा खिडकीबाहेर टाकला. कुत्र्याने तो झेलला आणि भाजीसाठी थांबला.

जेवण होतंय तोच सौमित्र दारात उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून उन्मेषने आवाज बंद केला.

"मॅडम, मुंबईहून कळलं. रक्तात इन्सुलिन भरपूर आहे."

मनालीने दाराची चौकट धरली.

"पुढचं सांग," कुसुमावती म्हणाल्या. "सी-पेप्टाइड?"

"तेही भरपूर."

"म्हणजे काय?" उन्मेषने विचारलं.

"सिनेमाचं तिकीट फाडतात ना दारावर," कुसुमावती म्हणाल्या, "तसं स्वादुपिंड इन्सुलिन बाहेर सोडतं तेव्हा त्याचा एक तुकडा फाडतं आणि तोही रक्तात सोडतं. बाटलीतल्या इन्सुलिनला तो तुकडा नसतो. धनाजीरावांच्या रक्तात तुकडे आहेत. हे इन्सुलिन कोणी टोचलेलं नाही. त्यांच्याच अंगातून आलंय."

स्वयंपाकघराच्या दारात वसुंधराबाईंच्या हातातला डाव वाकडा झाला आणि आमटी जमिनीवर सांडू लागली. कोणी पुसली नाही.

"पण मॅडम," सौमित्र हळूच म्हणाला, "मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही असंच होतं. कोणी तशी गोळी खायला घातली असेल तर?"

सगळ्यांच्या नजरा पुन्हा एकदा मनालीकडे वळल्या. डबा तीच नेत होती.

५

"घरात तसल्या गोळ्या चार वर्षांत आलेल्या नाहीत," वसुंधराबाई सकाळी कुंपणावरून म्हणाल्या. आता त्यांना सून निर्दोष हवी होती, आणि तसं म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. "पण बाहेरून आणल्या असतील तर मी काय सांगू?"

कुसुमावतींच्या मनात तीन गोष्टी होत्या: भरलेला तांब्या, रिकामी बशी आणि जाडजूड कुत्रा. त्या रावपुऱ्यात सुभाषभाई शहांच्या घरी गेल्या. सुभाषभाईंचं चष्म्याचं दुकान होतं. धनाजीराव आणि ते रोज संध्याकाळी कमाटी बागेत जोडीने फिरत. महिन्याभरापासून ती जोडी मोडली होती.

"आवो बेन, बेसो," सुभाषभाई म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "पर्युषण चालू आहे, मी एकासणं करतो, दिवसातून एकदा जेवण. तुम्ही तरी चहा घ्या."

"फिरणं का थांबवलंत?"

"घुटणामां दुखावो. गुडघा."

"सुभाषभाई, दोन जिने उतरून तुम्ही स्वतः दार उघडायला आलात."

सुभाषभाईंनी चष्मा काढून पुसला. "जुओ बेन, नानी वात छे, छोटीशी गोष्ट. आम्ही बागेपाशी सेव-उसळ खायला गेलो. मी कांदा-लसूण खात नाही. धनाजीराव गाडीवाल्याला म्हणाले, जैन प्लेट दे. आणि त्याला डोळा मारला. मी खाल्ली. मग त्यांनी सगळ्या मंडळीत सांगितलं, सुभाषभाईंनी आज लसणाची तरी ओरपली. सगळे हसले."

"तुम्ही?"

"मी घरी आलो." ते पुढे काही सांगणार होते, पण थांबले. "ते भेटायला आले होते हं, दहा दिवसांपूर्वी. फाटकातच उभे राहिले. माफी मागतील असं वाटलं. पण विचारलं काय, तर सुभाषभाई, तुमच्या त्या चौविहारात सूर्य मावळल्यावर पाणीपण चालत नाही? मी म्हटलं, एक टीपुंपण नहीं, थेंबसुद्धा नाही. बस्स. गेले."

कुसुमावती उठल्या. चहाला त्यांनी हातही लावला नव्हता.

"सगळ्यांची क्षमा मागतात ती तुमची संवत्सरी कधी आहे?"

"उद्या. तुमच्या गणेश चतुर्थीलाच."

"मग उद्या सकाळी रुग्णालयात या. गुडघा दुखत असला तरी."

६

चतुर्थीच्या सकाळी धनाजीरावांच्या खोलीत सगळे जमले. सौमित्रच्या हातात पोलीस ठाण्याचा नंबर असलेली फोनची वही होती आणि तो ती उघडत-मिटत होता. मनाली दाराशी होती. तिची बॅग गाडीत होती.

"धनाजीराव," कुसुमावती म्हणाल्या, "काल रात्रीचा डबा कोणी खाल्ला?"

"मी."

"शेजारच्या खाटेवरचे काका म्हणतात, मेथीची भाजी फार छान होती."

धनाजीरावांनी छताकडे पाहिलं. छताकडून मदत आली नाही.

"घरी कुत्रा, इथे काका. तुम्ही आठवडाभर सूर्य मावळल्यावर काही खाल्लेलं नाही. पाणीही नाही. म्हणून तांब्या भरलेला. आणि पाण्याशिवाय रात्रीची कॅप्सूल घशाखाली जाईना, म्हणून ती तुम्ही संध्याकाळच्या कॅप्सूलबरोबरच, सूर्य असेपर्यंत घेत होतात. दोन एकदम. इथेही सिस्टरांना 'ठेवून जा' म्हणून सांगितलंत. खरं ना?"

"औषध चुकवलं नाही मी," धनाजीराव म्हणाले. "उगाच कोणाला त्रास नको."

"सौमित्र, ही कॅप्सूल कसली आहे?"

सौमित्रचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला ते कळायला मॅडमच्या प्रश्नाची गरज उरली नव्हती. "डायसोपायरामाइड. ठोके शिस्तीत ठेवायला. मॅडम, तुम्ही शिकवलं होतंत."

"आणि तू मागच्या बाकावर होतास. सांग आता."

"स्वादुपिंडाच्या पेशीला एक बारीक गेट असतं," सौमित्र खालच्या आवाजात म्हणाला. "त्यातून पोटॅशियम बाहेर जात असतं. गेट उघडं आहे तोवर इन्सुलिन आत राहतं. बंद झालं की इन्सुलिन सुटतं. मधुमेहाच्या गोळ्या तेच गेट बंद करतात. ही कॅप्सूल हृदयातली गेटं सांभाळते, पण काही वेळा जाता जाता तेही बंद करते. वय झालेलं, मूत्रपिंडं संथ, औषध अंगात साठतं. त्यात दोन एकदम, आणि पोट दुपारपासून रिकामं. मी उपाशी राहू नका असं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

"तीन नंबरचं गेट," धनाजीराव पुटपुटले.

"माझी रक्तदाबाची गोळी उलट वागते," कुसुमावती म्हणाल्या. "लघवी वाढवणारी आहे. तिने पोटॅशियम उतरतं, इन्सुलिन कमी सुटतं, आणि माझी साखर वर चढते. हृदयाच्या औषधांना वाटतं, अंगात आपण एकटेच राहतो. शेजारी कोणी आहे हे त्यांच्या गावीही नसतं."

उन्मेषला राहवलं नाही. "पण आबा, चौविहार? तुम्ही? आणि सांगितलं का नाही?"

"सांगणार कसं? मी आयुष्यभर त्याची टिंगल केली." धनाजीरावांनी पांघरुणाच्या कडेशी चाळा केला. "सुभाषभाईंशी वाईट वागलो. नुसतं 'माफ करा' म्हणायला जीभ उचलेना. म्हटलं, त्यांचे आठ दिवस त्यांच्यासारखे काढू, मग संवत्सरीला त्यांच्याच शब्दांत मागू. कोणाला कळलं तर मग त्यात काय राहिलं? पण ह्यात तुम्ही सगळे एवढे का—" त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. मग दाराशी उभ्या सुनेचा. "मनाली, बॅग का भरलीस? फाटकाबाहेर गाडीत दिसली मला. खिडकीतून."

शेवटी उन्मेषने सांगितलं. सगळं सांगितलं, कूस बदलल्याचंही.

धनाजीराव पलंगावरून उतरले. सौमित्र पुढे झाला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. "मी 'व्यवस्थित जेवलो' म्हणालो," ते मनालीला म्हणाले. "दोन शब्द. ते बोललो नसतो तर तुझ्यावर हे आलं नसतं. मिच्छामि दुक्कडम्, पोरी. मी पाठ केलं होतं ते दुसऱ्यासाठी. पण पहिलं तुला."

तेवढ्यात दारात सुभाषभाई उभे राहिले. धनाजीरावांनी तिकडे वळून हात जोडले, पण सुभाषभाईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

"नहीं धनाजीराव, पहेलां हुं, आधी मी. मला माहीत होतं. लसणाचा वास लपतो काय? पहिल्याच घासाला कळलं होतं. तुम्ही डोळा मारला तोही दिसला. माझं चष्म्याचं दुकान आहे." त्यांनी मान खाली घातली. "तरी खाल्ली. वास फार चांगला होता. दुसरी प्लेटही मी मागितली होती, आठवतं? म्हणून तुम्हाला तोंड दाखवलं नाही. तुमच्यावर रागावलो नव्हतो. माझीच लाज वाटत होती."

दोघांनी एकमेकांची माफी मागितली आणि दोघांनाही ती मिळाली. सौमित्रने फोनची वही खिशात घातली, कॅप्सूल बदलून दिली आणि ह्यापुढे देवासाठीही उपाशी राहायचं नाही असं मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

दुपारी घरी गणपती बसला. मोदकांच्या आधी वसुंधराबाई स्वयंपाकघरात आल्या. मनाली मोदकांना कळ्या पाडत होती. बॅग परत खोलीत आली होती, पण अजून कोणी उघडली नव्हती. वसुंधराबाईंनी फ्रिजमधून बाटली काढली, सुई काढली आणि दोन्ही ओट्यावर ठेवली. दोन वाक्यं त्यांनी मनात जुळवली आणि मोडली. मग त्या स्टुलावर बसल्या, चोळीची बाही वर सारली आणि दंड मनालीसमोर धरला.

मनालीने पिठाचे हात धुतले, पदराला पुसले. दंडावर बोट फिरवून जागा पाहिली.

"मांडीवर केवढं काळंनिळं करून घेतलंत," ती म्हणाली. "जरा बघून टोचायचं ना."

"हो," वसुंधराबाई म्हणाल्या. "चुकलंच माझं."

खिडकीबाहेर पिवळा कुत्रा मागच्या पायांवर उभा होता. त्या दिवसापासून धनाजीराव रोज रात्री ताटातली शेवटची पोळीसुद्धा संपवू लागले, आणि ह्या साऱ्या प्रकरणात ज्याची माफी कोणी मागितली नाही असा तो एकटाच उरला.